मेलेल्या कार्डाचा नंबर

मे २०१९. शनिवारी संध्याकाळी कराडात वळीव कोसळला, जवळच कुठंतरी वीज पडली आणि माझ्या कॉम्प्युटरचं लॅन कार्ड, म्हणजे नेटची केबल लागते ते कार्ड, गेलं. सोमवारी २० तारीख, म्हणजे जीएसटीच्या ३बी चा शेवटचा दिवस. सात-आठ दुकानदारांची रिटर्न्स माझ्याकडं पडून.

रविवारी सकाळी माळ्यावरच्या डबड्यातलं जुनं कार्ड काढून बसवलं. हिरवा दिवा लागला, नेट मात्र नाही. केबलवाल्याच्या पोराला फोन लावला. "मॅक बाइंड आहे काका. नवीन कार्ड सर्व्हरला नोंदवावं लागतंय. आज ऑफिस बंद, उद्या बघतो." या 'उद्या बघतो'वर मी रिटर्न्स सोडणार नव्हतो.

मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे कारखान्यातच कार्डाला मिळालेला बारा घरांचा नंबर, प्रत्येक घरात एक आकडा किंवा ए ते एफ मधलं अक्षर. पहिली सहा घरं कंपनीची, ती आयईईई ही इंजिनिअरांची संस्था वाटून देते; पुढची सहा त्या कार्डाची. हा नंबर कार्डात कोरलेला असतो, बदलत नाही, असं आम्हाला क्लासात शिकवलेलं. कोरलेला असतो हे खरंच. पण वायरवर जातो तो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, सांगेल तो नंबर, आणि केबलवाल्याचा सर्व्हर तेवढाच नोंदीशी ताडून बघतो.

मेलेल्या कार्डावर नंबराचं स्टिकर होतं. डिव्हाइस मॅनेजर, नवीन कार्डाचं प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात 'नेटवर्क अ‍ॅड्रेस'. मधल्या रेघा गाळून नंबर टाकला, ओके केलं. कार्ड क्षणभर बंद होऊन चालू झालं. नेट नाहीच! केबल बदलली, रीस्टार्ट केलं, चहा झाला. मग चष्मा काढून स्टिकर डोळ्यांजवळ धरलं, तर मी ८ वाचलेलं ते बी होतं. छपाई उडालेली. दुरुस्त केलं आणि जीएसटीचं पोर्टल उघडलं. एरवी त्या पोर्टलला मी शिव्याच घालतो.

दोन्ही कार्डं एकाच नेटवर्कवर जिवंत असती तर हा उद्योग अंगाशी आला असता, दोघांचीही डाक एकमेकांत अडकली असती. पहिलं मेलं होतं म्हणून जमलं.

अंगात आल्यासारखं पुढं लॅपटॉपच्या वायफायवर तोच प्रयोग केला, तिथं विंडोजनं दादच दिली नाही. बरेच वायफाय ड्रायव्हर दुसऱ्या घरात २, ६, ए किंवा ई असेल तरच बदललेला नंबर घेतात. 'हा कंपनीचा नव्हे, घरचा नंबर' अशी ती खूण.

सोमवारी संध्याकाळी पोरगा आला. "चालू कसं झालं काका?" सांगितल्यावर जरा गप्प झाला, मग म्हणाला, "मग नोंदवायला नको ना?" नको म्हटलं.

दोन वर्षांनी विंडोज नव्यानं टाकली आणि नेट परत गुल. सेटिंग विंडोजबरोबरच पुसलं गेलेलं. मेलेलं कार्ड तोवर भंगारवाल्याकडं गेलं होतं, पण नंबर मी कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मार्करनं लिहून ठेवलेला. बी वर तेवढं गोल केलेलं.