चंद्राचा फोटो: तिथी पाहून कॅमेरा लावताना

काही वर्षांपूर्वी कोजागरीच्या रात्री आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवर मसाला दुधाचे पातेले चांदण्यात ठेवून सगळे गप्पा मारत बसले होते आणि मी नव्या कॅमेऱ्याने चंद्राचे फोटो काढत होते. चाळीस-पन्नास फोटो झाल्यावर शेजारच्या मुलाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून विचारले, “काकू, यातला ससा कुठे गेला?” ससा खरोखरच नव्हता. काळ्या आकाशात एक पांढरीफटक चकती आणि तिच्या कडेने धुरकट वलय, एवढेच काय ते उमटले होते; डोळ्यांना सहज दिसणारा एकही डाग कॅमेऱ्याला टिपता आला नव्हता. त्या प्रश्नाने मला कामाला लावले आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक महिन्यात, आकाश मोकळे असेल त्या तिथीला, मी चंद्राच्या फोटोसाठी कॅमेरा कसा लावावा याची वहीत नोंद करत आले आहे.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. ऑटोवर असताना कॅमेरा संपूर्ण चौकटीतला उजेड मोजतो आणि चौकटीचा बहुतेक भाग काळे आकाश असल्यामुळे त्याला वाटते की दृश्य फार अंधारे आहे. मग तो शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि चंद्र जळून जातो. आपणही रात्र आहे म्हणून अंधाराचाच विचार करतो. प्रत्यक्षात चंद्र ही भर उन्हात पडलेली वस्तू आहे. सूर्यापासून तो आपल्याइतक्याच अंतरावर आहे आणि आपल्या अंगणात दुपारी पडते तेच ऊन त्याच्यावरही पडते. त्यातही तो दिसतो तितका पांढरा नाही. त्याचा पृष्ठभाग पडलेल्या उन्हापैकी सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच प्रकाश परत पाठवतो, म्हणजे जवळपास जुन्या डांबरी रस्त्याइतका. ज्या काळसर डागांना आपण ससा किंवा हरीण म्हणतो ती थिजलेल्या लाव्हाची, बेसाल्टची मैदाने आहेत. नाशिककरांना बेसाल्ट वेगळा सांगायला नको. पांडवलेणी ज्या खडकात कोरली तो हाच दगड. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि चंद्रावरचा बहुतांश ३०० कोटी वर्षांहून जुना, हा वयाचा फरक मोठाच आहे, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी काम एकच: उन्हातला काळा कातळ टिपणे.

हे एकदा मनात पक्के बसले की आकडे आपोआप सुचतात. उन्हातल्या वस्तूसाठी छायाचित्रकारांचा जुना नियम आहे की अॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/१६ ठेवावे आणि शटर स्पीड आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या उजेड टिपण्याच्या क्षमतेच्या, आकड्याइतका ठेवावा; आयएसओ २०० असेल तर १/२०० सेकंद. चंद्र काळपट असल्यामुळे त्याला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी एफ/१६ च्या जागी एफ/११ धरतात. माझ्यासारख्या साध्या झूम लेन्सवर एफ/८ ला चित्र सर्वांत टोकदार येते, त्यामुळे मी अॅपर्चर कायम एफ/८ वर ठेवते आणि पौर्णिमेला आयएसओ २०० व शटर १/४०० पासून सुरुवात करते. अॅपर्चर एफ/१६ पर्यंत बारीक केले तर सगळे आणखी स्पष्ट येईल ही समजूत इथे चालत नाही. चंद्र एवढा दूर आहे की पुढचे-मागचे फोकसमध्ये आणण्याचा प्रश्नच येत नाही, आणि बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे चित्र उलट मऊ पडते.

पण हे झाले पौर्णिमेचे. मला सर्वांत जास्त काळ ज्याने चकवले ती गोष्ट म्हणजे अष्टमीचा चंद्र. तो पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्मा दिसतो, म्हणून त्याचा प्रकाशही निम्मा असेल असे कोणीही धरून चालेल. तो असतो सुमारे दहाव्या हिश्श्याइतका. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे चंद्रावरच्या प्रत्येक दगडाची सावली त्या दगडामागेच लपते आणि सगळा पृष्ठभाग एकदम उजळतो. अष्टमीला ऊन बाजूने येते आणि असंख्य लहान-मोठ्या सावल्या आपल्याला दिसू लागतात. म्हणजे प्रकाशित अर्ध्या भागाचा प्रत्येक तुकडासुद्धा पौर्णिमेपेक्षा मंद असतो. म्हणून अष्टमीला दोन स्टॉप जास्त लागतात: एफ/८ तसेच ठेवून मी आयएसओ ४०० आणि शटर १/२०० घेते. द्वितीया-तृतीयेच्या कोरीला आणखी एक स्टॉप, आणि ती मावळतीकडे झुकलेली असते म्हणून हवेच्या जाड थरापायी वर अजून एक. आयएसओ १६०० ला १/२०० ही त्या दिवशीची माझी सुरुवात.

फोटोसाठी तिथी निवडायची असेल तर मी पौर्णिमा शेवटी ठेवीन. ज्या सावल्या उजेड कमी करतात त्याच चंद्राला उंचसखलपणा देतात आणि पौर्णिमेला त्या नसतात. शुक्ल अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर अॅपेनाइन पर्वतांची रांग उन्हात आलेली असते, नवमी-दशमीच्या सुमारास सुमारे ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर उजाडते, आणि त्याच्या तळात अजून काळोख असताना काठ मात्र लख्ख चमकतो. संकष्टी चतुर्थीचे तर मी खास सांगेन. कॅलेंडरवर त्या दिवशीची चंद्रोदयाची वेळ छापलेलीच असते, उपास सोडायला सगळे घर गच्चीवर आलेले असते, आणि चंद्राच्या ढळत्या बाजूला मारे क्रिसियम या लहानशा सागराजवळ (लाव्हाच्या त्या काळसर मैदानांनाच सागर म्हणतात) सावली पोचलेली असते. नैवेद्य झाल्यावर तासभर थांबून चंद्र थोडा वर आला की मी कॅमेरा काढते.

आता आयएसओबद्दल. चित्रात दाणे येतील या भीतीने अनेकजण आयएसओ १०० वर ठेवतात आणि मग शटर १/३० किंवा १/५० पर्यंत खाली आणतात. मला हे पूर्णपणे चुकीचे वाटते. दाणे नंतर संगणकावर बऱ्यापैकी कमी करता येतात, पण हललेला फोटो कोणत्याही उपायाने सरळ होत नाही. चंद्र स्वतः सरकतो तो साधारण सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे स्वतःच्या व्यासाइतके अंतर कापायला त्याला दोन मिनिटे लागतात. १/२०० सेकंदात ते सरकणे नगण्य आहे. खरे हलवतात ते ट्रायपॉडचे पाय, शटर दाबणारे बोट आणि तापलेल्या हवेची थरथर. एकदा सलग वीस फोटो दुहेरी कडांचे आले. लेन्स तपासली, फोकस तपासला, काहीच सापडेना. शेवटी ट्रायपॉडच्या पायाला हात लावला तेव्हा बोटांना बारीक गुणगुण जाणवली: मी तो पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर लावला होता आणि खाली सोसायटीची मोटर चालू होती. तेव्हापासून ट्रायपॉड टाकीपासून दूर, मधली दांडी वर न काढता, आणि शटर नेहमी दोन सेकंदांच्या टायमरवर. ट्रायपॉडवर असताना लेन्समधले स्टॅबिलायझेशनही मी बंद करते, कारण माझ्या जुन्या लेन्समध्ये ते स्थिर कॅमेऱ्यालाच हलवायला लागते.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये, बऱ्याच लेन्स तिच्याही पुढे जातात. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, चंद्राची कड दहापट मोठी करून, रिंग हलक्या हाताने पुढे-मागे करत, विवरांच्या कडा सर्वांत रेखीव दिसतील तिथे थांबावे. मार्गशीर्ष-पौषात नाशिकला पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. हवेचा थर तेव्हा सर्वांत पातळ लागतो, म्हणून ते दिवस उत्तमच. पण लेन्स सरळ वर केली की झूमची रिंग स्वतःच्या वजनाने घसरते आणि फोकसही बिघडतो. मी तिथे रंगाऱ्यांकडची कागदी चिकटपट्टी लावते, ती निघताना डाग ठेवत नाही. थंडीत कॅमेरा अर्धा तास आधी गच्चीत नेऊन ठेवावा, फोकस त्यानंतरच पक्का करावा. उन्हाळ्यात उलट अडचण असते: दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत ऊब सोडत राहतो आणि चंद्राची कड पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. गंगापूर धरणाच्या बाजूला मातीच्या जमिनीवर हा त्रास बराच कमी जाणवला.

बाकीचे थोडक्यात. मॅन्युअल मोड, फाइल रॉ (सेन्सरवरची कच्ची नोंद), रंगछटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर, कारण प्रकाश उन्हाचाच आहे आणि उगवतीचा तांबूसपणा तसाच राहतो. अंधारात पडदा नेहमी जास्त उजळ भासतो, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहावा आणि त्याचा डोंगर उजव्या भिंतीला टेकू देऊ नये. मोबाइलवर चंद्रावर बोट दाबून धरावे आणि उजेडाची पट्टी डाग दिसेपर्यंत खाली ओढावी.

चंद्र किती मोठा येईल हे ११० या एका आकड्यावरून कळते. लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भागले की सेन्सरवरचा चंद्र मिळतो: २५० च्या लेन्सवर सव्वादोन मिलिमीटर, म्हणजे माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सुमारे ६०० पिक्सेल. याच आकड्याचा दुसरा उपयोग मला अधिक आवडतो. कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून पाहिली तर ती चंद्राएवढी दिसते. २० मीटर उंच शिखर आणि चंद्र सारखे दिसावेत असे वाटत असेल तर सव्वादोन किलोमीटर लांब जायला हवे.

हा हिशेब घेऊन गेल्या वैशाखात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी पाथर्डी फाट्याच्या बाजूने पांडवलेण्याच्या डोंगराकडे तोंड करून उभी राहिले. पौर्णिमेनंतरच्या सकाळी चंद्र सूर्योदयानंतर मावळतो, त्यामुळे डोंगरावर ऊन आलेले असते आणि चंद्र अजून माथ्याच्या वर असतो. रात्री दोन वेगळ्या एक्स्पोजरशिवाय जमत नाही ते इथे एकाच फोटोत बसले: आयएसओ २००, एफ/८, १/१६०. खाली उन्हात पिवळसर झालेला कातळ, त्यात लेण्यांची काळी तोंडे, आणि वर फिकट चंद्रावर तसेच काळसर डाग. चंद्र माथ्याला टेकेपर्यंत मी अकरा फोटो काढले आणि अकराही फोटोंत शटरचा आकडा बदलावा लागला नाही.