मेमरी शिल्लक असताना ‘मेमरी अपुरी’

परदेशातील नोकरी म्हणजे अद्ययावत तंत्रज्ञान, अशी समजूत असते. माझ्याकडे मात्र डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी टर्बो सी या सी भाषेच्या कंपायलरमध्ये लिहिलेला, मोजमाप यंत्राकडून आकडे घेणारा एक जुना प्रोग्राम सोपवण्यात आला आहे. यंत्र ठणठणीत असल्यामुळे ते मोडीत काढण्याचा विचार येथे कोणी करत नाही, आणि मूळ लेखक केव्हाच निवृत्त झाले आहेत. मोजमापांची संख्या वाढवली, की ‘मेमरी अपुरी’ असा संदेश येतो, एवढीच तक्रार होती.

तरुण सहकारी अधिक मेमरी बसवण्याचा उपाय सुचवतात, पण येथे तो निरुपयोगी ठरतो. डॉस ज्या रिअल मोडमध्ये प्रोसेसर वापरते, त्यात मेमरीचे पत्ते 1 मेगाबाइटच्या आसपास संपतात, त्यातील 640 किलोबाइट डॉस व प्रोग्रामांच्या वाट्याला येतात, आणि त्यांचा वापरही 64 किलोबाइटच्या कप्प्यांमधूनच, म्हणजे सेगमेंटमधूनच, करावा लागतो. मेमरीची वाटणी कंपायलरच्या ‘मॉडेल’वर ठरते; ‘स्मॉल’ मॉडेलमध्ये ग्लोबल व्हेरिएबल, स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) आणि मॅलॉक या मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनने दिलेली जागा या सर्वांना मिळून असा एकच सेगमेंट असतो. त्यामुळे ‘मेम’ ही आज्ञा भरपूर मोकळी जागा दाखवत असतानाही मॅलॉक नल पॉइंटर, म्हणजे ‘जागा नाही’ असे सांगणारा रिकामा पत्ता, परत करू शकते.

मग डेटाला अनेक सेगमेंट देणारे ‘लार्ज’ मॉडेल निवडावे, तर आतापर्यंत चालणारा भागही कोसळू लागतो. येथे मॅलॉकची ओळख कंपायलरला करून देणारी अलॉक.एच ही हेडर फाइल जोडली आहे का, हे आधी पाहावे. ती नसल्यास कंपायलर मॅलॉकचे उत्तर 16 बिटांचा पूर्णांक समजतो आणि 32 बिटांच्या पॉइंटरमधील (पत्त्यातील) सेगमेंट सांगणारा अर्धा भाग गळून जातो. ‘स्मॉल’ मॉडेलमध्ये पॉइंटरच 16 बिटांचा असल्याने हा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

माझ्या मते याहून धोकादायक असते ती निमूटपणे यशस्वी होणारी मागणी. 200 गुणिले 200 पूर्णांकांच्या तक्त्याला 80,000 बाइट लागतात, पण हा गुणाकार 16 बिटांत केला, तर 14,464 उरतात. मॅलॉक तेवढेच बाइट आनंदाने देते, प्रोग्राम पुढे दुसऱ्याच्या जागेत लिहीत राहतो, आणि बिघाड भलत्याच फंक्शनमध्ये प्रकट होतो. गुणाकारातील पहिली संख्या 200एल अशी (म्हणजे 32 बिटांची) लिहून 64 किलोबाइटहून मोठी जागा देणारे फारमॅलॉक वापरले, तर जागा पूर्ण मिळते. मात्र साधा फार पॉइंटर पुढे सरकवताना केवळ ऑफसेट, म्हणजे सेगमेंटमधील अंतर, बदलतो आणि सेगमेंटच्या टोकाशी तो पुन्हा शून्यावर येतो, म्हणून येथे सेगमेंटही बदलणारा ह्यूज पॉइंटरच हवा. तो संथ आहे, हे खरे. चुकीच्या आकड्यांपेक्षा संथपणा मला परवडतो.

नल पॉइंटरच्या पत्त्यावर काही लिहिले गेल्याचे सांगणारा ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ हा संदेश प्रोग्राम संपताना दिसतो, त्यामुळे शेवटच्या ओळींत दोष शोधण्यात वेळ घालवू नये. तपासणी अखेरीस होते, चूक कोठेही झालेली असू शकते.

उरतो प्रश्न तुकड्यांचा. लहान-मोठ्या जागा घेत व सोडत गेल्यावर एकूण मोकळी जागा पुरेशी असूनही सलग जागा मिळत नाही, आणि पॉइंटर थेट पत्ते धरून असल्यामुळे दिलेल्या जागा मागाहून सरकवता येत नाहीत. म्हणून सर्वांत मोठा तक्ता मी आता प्रोग्राम सुरू होतानाच मागून घेतो आणि तो मिळाला नाही, तर मोजमाप सुरूच होऊ देत नाही.