तीन किलोंचा दरारा

डोक्यावर रिबिनीचा बो, अंगात मापाचा स्वेटर आणि मुक्काम कुणाच्या तरी काखेत. यॉर्कशायर टेरियर जातीचा कुत्रा बघून लोक म्हणतात, काय लाड तरी! पण याचं खानदान विचाराल तर ते गिरणी कामगारांचं.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोटामागे इंग्लंडच्या यॉर्कशायर-लँकेशायरमधल्या गिरण्यांत आले. सोबत त्यांचे छोटे टेरियर होते. गिरण्या आणि खाणींत उंदरांचा सुळसुळाट, तेव्हा कुत्र्यालाही काम लागलं. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा हडर्सफील्ड बेन १८६५ साली जन्मला. जेमतेम सहा वर्षं जगला, पण प्रदर्शनांतली बक्षिसं आणि उंदरांचा फडशा, दोन्हींत त्याचं नाव होतं. पुढे श्रीमंत बायकांना या कुत्र्याची भुरळ पडली आणि स्वारी गिरणीतून थेट दिवाणखान्यात गेली.

केस तर असे रेशमी, की हे कामगारांनी मागावरच विणले असणार, अशी थट्टा तेव्हा होई. पिल्लू काळं-तपकिरी जन्मतं. पाठीवरची ती पोलादी निळाई नंतर येते. केस झडतात कमी, वाढतात मात्र आपल्यासारखे सतत. ते डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून बो. म्हणजे नटण्यातही थोडी गरज आहेच.

स्मोकी नावाची यॉर्की (म्हणजे यॉर्कशायर टेरियरच) १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना सापडली. वजन दोन किलोसुद्धा नाही. पुढे फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. सत्तर फूट लांब, वीतभर रुंद पाइप, तोही जागोजागी मातीनं भरलेला. पट्ट्याला दोरी बांधून बाईसाहेब आत शिरल्या आणि पलीकडून बाहेर पडल्या! नाहीतर भर युद्धात धावपट्टी खोदत बसावं लागलं असतं.

आमच्या सोसायटीतली यॉर्की लिफ्टमध्ये लॅब्राडोरवर भुंकते, तेव्हा तो बिचारा भिंतीकडे बघत उभा राहतो. मला यात आगाऊपणा दिसत नाही. घुशीशी भिडणाऱ्यांची लेक आहे ती. पार्किंगमधल्या गटाराच्या जाळीपाशी आली की कान ताठ करते आणि दोन्ही पंजांनी उकरायला लागते. काकू म्हणतात, "शी गं राणी, घाण आहे ती!" आणि उचलून पर्फ्यूमचा फवारा मारतात. राणी शिंकते, खाली उडी मारते आणि पुन्हा जाळीकडे पळते.