मागच्या बाजूचा स्लॅब

ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, मी घ्यायलाच नको होतं, असं बायकोचं म्हणणं. असेल तिचं खरं. इमारत १९८६ची, तळमजला अधिक चार, आणि बांधताना साइटवर होते आमचे साहेब. १९९४ साली मी त्यांच्या हाताखाली लागलो. डिग्री होती, पण सळई मोजायला त्यांनी शिकवलं. इमारत पूर्ण झाल्यावर त्यांनी तिथेच दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. साहेब जाऊन दोन वर्षं झाली. काकू तिथेच राहतात.

तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. रिपोर्ट साठ पानांचा असो की सहा, लोक शेवटचं पान उघडतात. सी-वन म्हणजे रिकामी करून पाडा, सी-टू-ए म्हणजे खाली करून दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती, सी-थ्री किरकोळ. पूर्वी सी-वन म्हटलं की लोकांची झोप उडायची. आता सेक्रेटरी चहाचा कप हातात देतानाच विचारतात, "सी-वन बसतंय ना?" ४ एप्रिल २०१३ला शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तेव्हा लोक बीमकडे बघत झोपायचे. त्या भीतीच्या जागी पुनर्विकासात मिळणाऱ्या जादा चौरस फुटांचा हिशेब कधी आला, कळलंच नाही.

साहेब दोन गोष्टींवर भांडायचे. एक रेती. तेव्हा खाडीची रेती सर्रास यायची. ट्रक आला की साहेब चिमूटभर रेती जिभेवर ठेवायचे. खारट लागली की धुऊन घ्या, नाहीतर परत न्या. ठेकेदार हसायचे. पण मीठ सळईला आतून खातं आणि त्या काळची टॉर, म्हणजे पिळलेली सळई, गंजायला आधीच उतावीळ.

दुसरी गोष्ट ठोकळे. सळई फळीवर टेकू नये म्हणून खाली सिमेंटचे लहान ठोकळे देतात. बऱ्याच साइटवर खडीचा तुकडा सरकवून मोकळे होत. साहेबांकडे तारेसकट ओतलेले ठोकळेच लागत. रविवारी दोन्ही मुलींना साइटवर आणून ते त्यांच्याकडून ठोकळे मोजून घ्यायचे, दहामागे पाच पैसे. हे काकूंनी सांगितलं, आणि वर, "धाकटी चुकीचं मोजून जास्त मागायची" हेही.

घरवेडा माणूस. एरवी साडेसहाला साइट सोडायचे म्हणजे सोडायचेच. "पोरींचा अभ्यास घ्यायचाय हो." ऑफिसात त्यावरून चेष्टा व्हायची आणि बढत्या बारापर्यंत बसणाऱ्यांना मिळायच्या. पण स्लॅबच्या दिवशी शेवटचं घमेलं पडेपर्यंत ते हलत नसत.

आम्ही पुढच्या बाजूने सुरुवात केली. रिबाउंड हॅमरचे, म्हणजे ठोका मारून काँक्रीटची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे बरे आले. तेव्हाचं काँक्रीट १:२:४, एक भाग सिमेंट, दोन रेती, चार खडी, म्हणजे एम-१५ दर्जाचं. त्या मानाने उत्तमच. एका ठिकाणी स्लॅब खालून फोडला तर ठोकळा निघाला, तारेचा पीळ तसाच. वर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. काँक्रीटचा क्षारधर्म शाबूत असेल तर ते गुलाबी होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून तो मेला असेल तर रंग येत नाही. इथे सळईपर्यंत गुलाबी. माझ्या पोराने, म्हणजे साइटवरच्या ज्युनियरने, फोटो काढला. मला उगाच अभिमान वाटला.

मग तिसऱ्या मजल्याचा स्लॅब, मागची न्हाणीघरांची बाजू. हातोड्याचा एक ठोका, आणि पोपडा पडला. कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, जेमतेम पाच मिलिमीटर, तेव्हा स्लॅबला निदान पंधरा लागायचं. सळई फळीवर बसूनच ओतलेली. फवारलं तर टिपूस रंग नाही. तीन ठिकाणी तेच.

काकूंनी साहेबांच्या साइट डायऱ्या जपून ठेवल्यात. मी सहज मागितल्या, म्हणजे सहज नव्हे. त्या स्लॅबचं पान सापडलं. सकाळी आठला पुढून सुरुवात. ठोकळे तपासले. आणि खाली: "३ वा. निघालो. धाकटीला ताप. मुकादमाला सांगितले."

मागची बाजू शेवटी पडते. तिथे तीननंतर ओतलं असणार. ओतताना बिगारी सळयांवरून चालतात, ठोकळे सरकतात, सळई दबते. ती हुकाने उचलून घ्यायला माणूस उभा लागतो. तो नव्हता. पण वरच्या न्हाणीघरांची गळती अडतीस वर्षांची आहे, आणि तीही काँक्रीट खाते. ताप की गळती, हे कोणती टेस्ट सांगणार? कव्हरचे पाच मिलिमीटर मात्र गळतीने होत नाहीत. रात्री अंथरुणात मी याच्या दोन्ही बाजू मांडत बसतो.

"त्यांचं काम नापास झालं का रे?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. मागच्या बाजूला दुरुस्ती आहे."

त्यांनी पान वाचलं होतं की नाही, माहीत नाही. म्हणाल्या, "त्या रात्री ते झोपले नाहीत. तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. पाचला उठून साइटवर गेले, आले ते गप्पच."

मी पुढची पानं उलटली. एरवी क्युरिंगची नोंद एका ओळीत असायची, "पाणी मारले." या स्लॅबच्या नोंदी एकवीस दिवस आहेत, सकाळ-संध्याकाळ, आणि प्रत्येकीत तेच: "मागची बाजू, स्वतः."

रिपोर्टमध्ये सी-टू-बी लिहिलं. मागचा भाग टेकू लावून तोडायचा, सळया साफ करून नव्या जोडायच्या, वरच्या न्हाणीघरांचं वॉटरप्रूफिंग आधी. सेक्रेटरी नाराज आहेत. दुसऱ्या कुणाकडून ऑडिट करून घेणार म्हणतात. घ्यावं.

परवा धाकटीचा पुण्याहून फोन आला. "दादा, आमची बिल्डिंग पाडणार का?"

नाही म्हटलं. मग ती ठोकळ्यांबद्दल विचारत राहिली, एखादा सापडला का म्हणून. एक माझ्या टेबलावर आहे, तारेसकट. सापडला म्हटलं.