सामायिक चुकांची साक्ष

‘उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे’ हे वाक्य कानावर आले की मला त्यातल्या ‘नुसता’ या शब्दाचे नवल वाटते, कारण मराठीत सिद्धांत म्हणजे पुराव्यांती सिद्ध झालेला निष्कर्ष, मनात आलेली अटकळ नव्हे. पण शब्दाचा कीस पाडून हा वाद मिटणार नाही. पुरावाच पाहायला हवा.

पुरावा म्हटला की बहुतेकांना जीवाश्म आठवतात, आणि ते योग्यच आहे. मासे आणि चतुष्पाद प्राणी यांच्यामधला दुवा कोणत्या वयाच्या खडकांत सापडायला हवा याचा अंदाज आधी बांधून, कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर काही मोहिमा काढल्यानंतर, २००४ साली संशोधकांना सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक सापडला: खवले आणि पर माशाचे, पण मान मोकळी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे. (पुढे पोलंडमध्ये त्याहूनही जुन्या खडकांत चतुष्पादांच्या पाऊलखुणा सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले, म्हणून टिक्टालिकला आपला थेट पूर्वज न म्हणता त्या पूर्वजाचा भाऊबंद म्हणणे अधिक बरोबर.)

तरीही जीवाश्म एकही सापडला नसता, तरी उत्क्रांती मान्य करावी लागली असती, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण पेशींमध्ये दडलेल्या चुकांत आहे. जुन्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यांना ही युक्ती चांगली ठाऊक असते. दोन पोथ्यांतला शुद्ध मजकूर जुळला तर त्यावरून फारसे काही ठरत नाही. पण दोन्हींत त्याच ओळीतली तीच अक्षरे गळालेली असतील, तर दोन्ही पोथ्या आधीच्या एकाच सदोष प्रतीवरून उतरलेल्या असणार, हे उघड होते.

‘क’ जीवनसत्त्वाचे उदाहरण घ्या. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या यकृतात तयार करतात. त्या प्रक्रियेच्या शेवटच्या पायरीला लागणारे विकर (एन्झाइम) ज्या जनुकावरून बनते ते जनुक माणसातही आहे, पण त्याचे अनेक तुकडे नाहीसे झाल्यामुळे ते निकामी आहे. म्हणूनच महिनोन्‌महिने ताज्या फळभाज्यांवाचून समुद्रावर काढणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि जुन्या जखमा पुन्हा उघडत. हेच जनुक चिंपांझी, ओरांगउटान आणि इतर माकडांतही निकामी आहे, आणि त्याची मोडतोड आपल्याशी मिळतीजुळती आहे. गिनीपिगलाही ‘क’ जीवनसत्त्व बनवता येत नाही, परंतु त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा एकूण नमुना निराळा आहे, म्हणजे ती चूक स्वतंत्रपणे झालेली. सर्व प्राणी वेगवेगळे घडवले गेले असते, तर मोडके जनुक माणसात आणि माकडांत मुळात ठेवण्याचे, आणि तेही सारख्याच पद्धतीने मोडून ठेवण्याचे, कारण सांगता येत नाही.

दुसरी खूण सामायिक नाही, ती फक्त आपल्या शाखेत उमटलेली आहे, पण मला ती सर्वांत बोलकी वाटते. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? एवढी जनुके गमावून कोणी जगले नसते, तेव्हा दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असणार, आणि जोड असेल तर शिवणही दिसली पाहिजे. गुणसूत्राच्या टोकांवर टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरे पुन्हापुन्हा येतात. ती टोकांची निशाणी. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आतच ही निशाणी आढळली: एका बाजूने टीटीएजीजीजीच्या आवृत्त्या येतात आणि एका बिंदूपासून पुढे त्याच उलट दिशेने, म्हणजे (डीएनएच्या दोन धाग्यांत टीसमोर ए आणि जीसमोर सी येत असल्यामुळे) सीसीसीटीएए अशा, वाचाव्या लागतात, जणू दोन दोऱ्यांची टोके समोरासमोर आणून चिकटवली आहेत. शिवाय पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्राला धरून ओढण्यासाठी एकच सेंट्रोमिअर लागतो, पण या गुणसूत्रात चालू सेंट्रोमिअरखेरीज आणखी एकाचे निकामी अवशेष आहेत, आणि ते नेमके तिथेच आहेत जिथे चिंपांझीच्या त्याच्याशी जुळणाऱ्या स्वतंत्र गुणसूत्राचा सेंट्रोमिअर आजही काम करतो.