दोन टक्के, पण कशाचे?

पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय, विडी कामगार महिलांची आर्थिक साक्षरता. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी कामगारांच्या 10,000 घरांच्या वसाहतीत सर्व्हे चालू होता आणि पहिल्याच प्रश्नाला ‘माहीत नाही’वर इतक्या खुणा होत्या की पेपरचं शीर्षकसुद्धा माझ्या डोक्यात तयार होतं.

प्रश्न माझा नव्हे. लुसार्डी आणि मिचेल या दोघी अर्थतज्ज्ञांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांना विचारलेला. खात्यात 100 डॉलर, वर्षाला 2 टक्के व्याज. पाच वर्षांनी 102 पेक्षा जास्त होतील, बरोबर 102, की कमी? जगभर हाच वापरतात. मी फक्त डॉलरचे रुपये केले आणि जास्त-कमीऐवजी पर्यायांत नेमके आकडे टाकले.

त्या दिवशी फेरतपासणीला मी स्वतः गेले. अक्का दारात बसलेल्या, मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं नि तंबाखू. प्रश्न वाचला. बोटं थांबली नाहीत. विडी वळली, दोरा गुंडाळला, तोंड दुमडलं.

“महिन्याला दोन. वर्षाचे चोवीस. पाच वर्षांचे एकशेवीस. मुद्दल धरून दोनशेवीस झाले की! तुमच्या कागदात दोनशेवीस कुठंय?”

मी कागद उलटून पाहिला. ‘वर्षाला’ हा शब्द नव्हताच. वाक्य लांबतंय म्हणून मीच काढला होता. आणि चाचणी घेतली कुणावर, तर आमच्याच एम.कॉम.च्या मुलांवर! त्यांना टक्के म्हटलं की बँक आठवते. इथं टक्के म्हणजे महिन्याचे, शेकडा.

“अन् व्याजावर व्याज लावणारा असला तर अजून जास्त,” अक्का म्हणाल्या. “पण दोनानं देतंय कोण? आम्हाला पाचानं मिळतंय.”

(रात्री मोबाइलवर करून पाहिलं. महिन्याच्या चक्रवाढीनं 328.)

सर्व्हे करणाऱ्या पोराला विचारलं, या बायका नेमकं काय म्हणायच्या? “दोनशेवीस म्हणायच्या, मॅडम. पर्यायात नव्हतं. तुम्हीच सांगितलेलं, पर्यायात नसेल तर ‘माहीत नाही’ करा.”

सांगितलं होतं खरं.

सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, “तो रकाना टाकून दे.” आठवड्यानं नवे कागद घेऊन परत त्याच दारात. या वेळी ‘वर्षाला’ ठळक अक्षरात.

“वर्षाला दोन?” अक्का हसल्या. “तेलाचा भाव वर्षात किती चढतोय बघा की. मग ठेवायचं कशाला तिथं?”

महागाईचा प्रश्न खरं तर पुढच्या पानावर होता.