पाद्रेपदाची भरती आणि बिशपांचं पत्र : माझा अनुभव

लष्कराच्या धर्मशिक्षक भरतीत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्रे (ख्रिस्ती धर्मशिक्षक) असे वेगवेगळे प्रवर्ग असतात. पद जेसीओचं (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), भरती थेट नायब सुभेदार म्हणून. पाद्रेसाठी जाहिरातीत एक ओळ असते: योग्य धर्माधिकाऱ्याकडून दीक्षा झालेली असावी आणि उमेदवाराचं नाव स्थानिक बिशपांच्या मान्य यादीवर अजूनही असावं. नाशिकमधून अर्ज करताना माझा सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीने घेतला. धावण्याने किंवा परीक्षेने नव्हे.

ओळीचे दोन भाग आहेत. दीक्षा ही झालेली गोष्ट, तिचा दाखला एकदाच मिळतो. ‘अजूनही यादीवर’ ही मात्र आजची गोष्ट, आणि ती फक्त बिशपच लिहून देऊ शकतात. अनेक जण दीक्षेचा दाखला जोडतात आणि सोबत ‘उमेदवार सुशील व कष्टाळू आहे’ असं शिफारसपत्र घेतात. त्या पत्राने अट पुरी होत नाही. चांगल्या चालीचा दाखला पोलीस देतातच. मी पत्रात या गोष्टी मागून घेतल्या: डीकन (पहिली पायरी) आणि प्रेस्बिटर (पूर्ण धर्मगुरू) या दोन्ही दीक्षांच्या तारखा, दीक्षा देणाऱ्या बिशपांचं नाव, सध्याची नेमणूक, ‘आजच्या तारखेस धर्मप्रांताच्या मान्य यादीवर आहे’ हे स्पष्ट वाक्य, लष्करी सेवेला परवानगी, सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक विसरू नका. पडताळणीची विचारणा आली तर त्याच क्रमांकावरून ऑफिसात पत्राची प्रत सापडते. मूळ सहीच्या तीन प्रती घ्या, झेरॉक्स नको.

स्थानिक बिशप कोण, हा प्रश्न नाशिकमध्ये खराच पडतो, कारण इथे दोन धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अधिकारातले विभाग, आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा नाशिक धर्मप्रांत १९२९ सालच्या अँग्लिकन धर्मप्रांतातून आलेला. कॅथलिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. पत्र आपापल्या चर्चच्या बिशपांचंच चालतं. दीक्षा दुसऱ्या धर्मप्रांतात झाली असेल आणि सेवा आता नाशिकमध्ये असेल, तर दीक्षेचा दाखला तिकडचा, यादीचं पत्र इकडचं आणि दोन्हींना जोडणारं बदलीपत्र, असे तीन कागद लागतात. बदलीपत्र नसेल तर नाव एका यादीतून गेलेलं आणि दुसरीत न आलेलं, असं अधांतरी राहतं. एखाद्या धर्मसंघाचे सदस्य असलेल्या कॅथलिक धर्मगुरूंनी आपल्या वरिष्ठांची लेखी संमतीही घ्यावी.

बिशपपद रिकामं असेल तर काय करायचं? आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मॉडरेटर (चर्चचे प्रमुख बिशप) जो कमिसरी, म्हणजे प्रभारी, नेमतात त्याची सही घ्यावी आणि नेमणुकीच्या पत्राची प्रत जोडावी. कॅथलिक धर्मप्रांतात प्रशासक निवडला जातो, सही त्याची. बिशप असताना ते दौऱ्यावर असले तर व्हिकर जनरलची (बिशपांच्या मुख्य सहायक धर्मगुरूची) सही धर्मशास्त्राप्रमाणे वैध ठरते, पण कागद तपासणाऱ्या सुभेदारसाहेबांना हा बारकावा ठाऊक असेलच असं नाही. जाहिरातीत ‘बिशप’ हा शब्द आहे, म्हणून शक्यतो बिशपांचीच सही मिळवा. अर्जाची मुदत थोडी असते आणि बिशप साहेबांचे दौरे, बैठका आधीच ठरलेल्या असतात. जाहिरातीची वाट न पाहता आधीच भेट घ्या, मुदत उघडली की फक्त ताज्या तारखेचं पत्र मागा.

सर्वांत जास्त अडतं ते नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. दीक्षेच्या दाखल्यावर ‘रेव्ह.’ लावलेलं, वडिलांचं नाव गाळलेलं, कधी बाप्तिस्म्याचं नाव पुढे घातलेलं. लष्कर दहावीचं प्रमाणपत्र धरून चालतं. फरक फक्त क्रमाचा असेल तर बिशपांच्या पत्रात ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं दोन्ही नावं देऊन लिहून घ्यावं आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं. नावच वेगळं असेल तर राजपत्रात (गॅझेटमध्ये) नावबदल छापून घ्यावा. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिलं काम हेच.

पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची लागते. बायबल कॉलेजची पदविका त्यात धरली जात नाही. बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी सेरामपूरची असली तरी मी बी.ए.चं प्रमाणपत्रच पुढे ठेवलं, कारण त्यावर कुणी शंका काढत नाही. ज्यांच्याकडे साधी पदवी नाही त्यांना आपल्या नाशिकचंच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

बाकीचं थोडक्यात. वय अलीकडच्या जाहिरातीत २५ ते ३६, पण ज्या वर्षी अर्ज करता त्या वर्षीची तारीख वाचा. उंची १६० सेंमी, छाती ७७ सेंमी, वजन ५० किलो, काही भागांतल्या उमेदवारांना सवलत. १६०० मीटर ८ मिनिटांत. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे सराव होतो, पण वेळ घड्याळ लावून मोजा. लेखी परीक्षेत दोन पेपर, एक सामान्य ज्ञानाचा आणि एक ख्रिस्ती धर्माचा, प्रत्येकी ५० प्रश्न, १०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. फोटोच्या २० प्रती.

पत्राची मागणी घेऊन गेल्यावर बिशप साहेब सही करण्याआधी जे विचारतात, ते खरं महत्त्वाचं. तो अडथळा समजू नये. कॅथलिक धर्मसंहितेच्या २८९व्या कलमात सांगितलं आहे की लष्करी सेवा धर्मगुरूपणाशी फारशी जुळत नाही, म्हणून आपल्या धर्माधिकाऱ्याच्या परवानगीवाचून स्वेच्छेने तिकडे जाऊ नये. म्हणजे बिशप इथे परवानगी देतात आणि तिचा भारही उचलतात. नेमणूक सरकार करतं, पाठवतं चर्च. अमेरिकेत चर्चने आपलं समर्थन मागे घेतलं तर चॅपलनला (लष्करी धर्मगुरूला) त्या पदावर राहता येत नाही. कॅथलिक चर्चमध्ये १९८६ च्या पोपच्या आज्ञेनुसार अनेक देशांत लष्करासाठी स्वतंत्र धर्मप्रांत आणि स्वतंत्र बिशप आहेत. भारतात तसा धर्मप्रांत नाही. त्यामुळे नाशिकजवळच्या देवळाली छावणीत नेमणूक झाली तर बिशप नाशिकचे, बदली झाली की तिथले. नवीन ठिकाणी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या बिशपांना आपल्या बिशपांचं पत्र घेऊन भेटावं. हे कुठल्या लष्करी आदेशात येत नाही, आपणच करायचं असतं.

युनिटमध्ये सगळ्या ख्रिस्ती जवानांसाठी बहुधा एकच पाद्रे असतो. मिझोरामचा प्रेस्बिटेरियन, नागालँडचा बाप्टिस्ट, केरळचा आणि वसईचा कॅथलिक, सगळे त्याच्याकडे येतात. चर्च परेड, प्रार्थना, इस्पितळातली भेट, शिक्षा भोगणाऱ्या जवानाची भेट, अंत्यविधी, हे सर्वांसाठी करता येतं. संस्काराचं तसं नाही. मी कॅथलिक नाही, त्यामुळे कॅथलिक जवानासाठी मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही. त्याला जवळच्या पॅरिशच्या (स्थानिक कॅथलिक चर्चच्या) फादरपर्यंत पोचवणं हे माझं काम. बाप्टिस्ट जवान तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाही. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा काही बाप्टिस्ट मंडळ्याही त्यात होत्या, म्हणून आमच्याकडे तान्हेपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. पण लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुन्हा मागितला तर स्वतः ठरवू नये, बिशपांना विचारावं.

नोंदवही कुठली, हेही आधी विचारून ठेवा. सर्वधर्मस्थळात (युनिटमधल्या सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळात) लावलेलं लग्न किंवा दिलेला बाप्तिस्मा युनिटच्या फाइलमध्ये राहिला तर वीस वर्षांनी दाखला मिळत नाही. नोंद त्या भागातल्या चर्चच्या वहीत त्याच आठवड्यात झाली पाहिजे. लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागतो: वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. त्याबाहेरचा अपवाद कायद्याने बिशपांच्या खास परवान्यावर ठेवला आहे. जवानाची रजा संपत आली म्हणून रात्री आठला लग्न लावून मोकळं होता येत नाही. कॅथलिक लग्नाला तिथल्या पॅरिशच्या फादरची किंवा बिशपांची परवानगी हवी, नाहीतर चर्चच्या दृष्टीने ते लग्नच होत नाही.

शेवटी परतीचं. सेवा संपल्यावर धर्मप्रांतात पाळक म्हणून परत यायचं असेल, तर निघतानाच दोन वाक्यं लिहून घ्या: यादीतली ज्येष्ठता कायम राहील की नाही, आणि पाळक निधीची वर्गणी त्या काळात कुणी भरायची. मी पहिलं घेतलं, दुसरं राहिलं, त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. दरवर्षी यादी नव्याने निघण्याआधी आपल्या बिशपांना नेमणुकीचं ठिकाण, झालेले संस्कार आणि पत्ता कळवणारं एक पान पाठवा, म्हणजे नाव चुकून गळत नाही.